वर, अट आणि उरलेली फट

सोलापुरात नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. पद्मशाली समाज स्वतःला मार्कंडेयांच्या वंशातला मानतो. भावनाऋषीने कमळाच्या तंतूंपासून देवांसाठी पहिलं वस्त्र विणलं, अशी या विणकरांची कुळकथा आहे. पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या मुलाला मार्कंडेय हा पोथीतला ऋषी वाटत नाही, घरातला थोरला पूर्वज वाटतो. सोळाच वर्षांचं आयुष्य घेऊन जन्मलेला मुलगा शिवाच्या कृपेने यमपाशातून सुटला आणि चिरंजीव झाला, ही गोष्ट तिथल्या बहुतेकांना पाठ असते. तिच्यापुढची गोष्ट कमी सांगितली जाते, आणि पुराण व विज्ञानकथा यांच्या नात्याविषयी लिहायचं तर मला तिथूनच सुरुवात करावीशी वाटते.

ती महाभारताच्या वनपर्वात आहे, आणि मार्कंडेय ती स्वतः युधिष्ठिराला सांगतो. प्रलय होऊन गेला आहे. पाणी आणि हा एक म्हातारा, एवढंच जगात उरलं आहे. चिरंजीव असल्यामुळे त्याला मरताही येत नाही. पोहून थकल्यावर त्याला एक वड दिसतो आणि वडाच्या फांदीवर एक बालक. बालक म्हणतं, तू दमला आहेस, माझ्या आत ये आणि विसावा घे. ते तोंड उघडतं आणि मुनी आत ओढला जातो. आत सगळं जग जसंच्या तसं शाबूत आहे: गंगा, हिमालय, नगरं, शेतं, यज्ञ, अरण्यातले सिंह. शंभराहून अधिक वर्षं तो त्या देहात चालत राहतो, पण त्याला टोक सापडत नाही. मग एका श्वासासरशी तो बाहेर फेकला जातो. समोर तेच पाणी, तोच वड, तेच हसणारं मूल.

अमरत्वाचा वर मिळाला की एरवीच्या गोष्टी संपतात. या कथाकाराने मात्र पुढे विचारलं: वर खरा असेल आणि जगच बुडालं, तर हा माणूस जाईल कुठे? एक गोष्ट खरी मानायची आणि तिचे परिणाम जिथवर पोचतील तिथवर त्यांच्यामागे जायचं, ही विज्ञानकथेची रीत आहे. वनपर्वाच्या या अध्यायांत प्रयोगशाळा नाही, यान नाही, समीकरण नाही. तरीही विज्ञानकथा वाचणाऱ्याला तिथे परकं वाटत नाही.

पुराणकथा आजच्या विज्ञानकथेत कुठे जिवंत आहेत, असं विचारलं की लोक वस्तू शोधू लागतात: पुष्पक म्हणजे विमान, ब्रह्मास्त्र म्हणजे अणुबॉम्ब, संजयाची दिव्यदृष्टी म्हणजे दूरदर्शन. या शोधात मला रस नाही, कारण वस्तू सापडली की गोष्ट तिथेच थांबते. पुराणांतून विज्ञानकथेत खरोखर उतरलं आहे ते वराचं गणित. वर मागितला जातो, त्याला अट असते, अटीत कुठेतरी फट राहते, आणि त्या फटीतून पुढचं सगळं घडतं.

हिरण्यकशिपूचा वर आठवा. माणसाकडून मरण नको, पशूकडून नको, दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको. मागणारा हुशार आहे. त्याने प्रत्येक शक्यता मोजली आहे. मृत्यू येतो तो दोन नियमांच्या मधल्या जागेतून, संध्याकाळी, उंबरठ्यावर, अर्ध्या माणसाच्या आणि अर्ध्या सिंहाच्या रूपात. आता आयझॅक आसिमॉव्हची १९४२ सालची ‘रनअराउंड’ ही कथा घ्या. यंत्रमानवांचे तीन नियम या कथेत प्रथम स्पष्ट मांडलेले आहेत. बुध ग्रहावरचा एक यंत्रमानव सेलेनियमच्या डबक्याभोवती नुसता गोल गोल फिरत राहतो. हुकूम पाळण्याचा नियम त्याला पुढे ढकलतो, स्वतःला जपण्याचा नियम मागे ओढतो, आणि दोघांचं बळ जिथे समान होतं त्या रेषेवर तो अडकतो. तोही एका उंबरठ्यावरच उभा आहे. आसिमॉव्हने नृसिंहाची कथा वाचली होती, असं मला सुचवायचं नाही. नियम शब्दांत बांधला की शब्दांच्या मधे जागा राहणारच, हे दोन संस्कृतींतल्या कथाकारांना आपापल्या वाटेने कळलं, एवढंच मला दाखवायचं आहे. संगणकाला आज्ञा लिहून देणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव रोज येतो. आपल्या मनात होतं ते यंत्र करत नाही, आपण लिहिलं होतं ते करतं. ब्रह्मदेवही मागितलं तेवढंच देत असे.

दोघांत एक मोठा फरकही आहे. पुराणात ती फट जगाला वाचवते, कारण तिच्यातून आत येणारा विष्णू असतो. विज्ञानकथेत फटीतून कोण येईल याची हमी कुणीच देत नाही.

मेरी शेलीने १८१८ साली ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहिली आणि उपशीर्षकात तिला आधुनिक प्रोमिथिअस म्हटलं. युरोपीय वाचकासाठी ते योग्यच होतं. मराठी वाचकाला ही कादंबरी समजावून सांगायची तर मी भस्मासुराकडे जाईन. प्रोमिथिअसला शिक्षा होते ती वरच्या देवाकडून. भस्मासुराच्या कथेत दिलेली शक्तीच देणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवायला निघते, आणि शंकराला स्वतःच्या वरापासून पळावं लागतं. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनची दशा हीच आहे. म्हणूनच जयंत नारळीकरांनी एका पुस्तकाला ‘अंतराळातील भस्मासुर’ हे नाव दिलं, तेव्हा मराठी वाचकाला अर्धी भीती शीर्षकातच पोचली.

नारळीकरांविषयी सविस्तर लिहायला हवं, कारण मराठीत या नात्याचा सर्वांत सकस पुरावा त्यांच्या लेखनात आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली. लेखक होते नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी केली की ज. वि. ना. हाती लागतात. आपल्या नावाचा परीक्षकांवर भार पडू नये, म्हणून खगोलशास्त्रज्ञाने घेतलेलं हे टोपणनाव होतं. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या नव्या वाटेची दखल घेतली. लोककथा आणि पुराणकथा यांचा जन्मभर अभ्यास केलेल्या विदुषीने विज्ञानकथेचं स्वागत करावं, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. जुन्या कथांची चाल ओळखणारा कान नव्या कथेतही ती चाल ओळखतो.

नारळीकरांच्या पुस्तकांची नावं पाहा: ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत तर घराघरातल्या श्रद्धेची वस्तू भौतिकशास्त्राच्या पुराव्याचं काम करते. माणूस आणि वस्तू आरशातल्या प्रतिमेसारखे उलटे झाले, तर ते ओळखायचं कशावरून? डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो, यावरून. उजव्या सोंडेची मूर्ती विरळा, तिचं सोवळं कडक, हे मराठी वाचकाला आधीच ठाऊक असतं. मोबियसची पट्टी त्याला नवी असते. लेखकाने त्याला ओळखीच्या जागी उभं करून अनोळखी दार उघडलं.

‘वामन परत न आला’ मधे जमिनीच्या पोटातून एक पेटी निघते. कुण्या पुरातन, प्रगत संस्कृतीने आपलं ज्ञान तीत जपून ठेवलेलं असतं. त्या ज्ञानाच्या आधारे शास्त्रज्ञ एक यंत्रमानव घडवतात आणि त्याचं नाव वामन ठेवतात. ज्यांनी ती पेटी पुरली त्यांचा शेवट कसा झाला असेल, हे हळूहळू उलगडतं, तसं वाचकाच्या मनात तिसरं पाऊल उचललं जाऊ लागतं. वामनावताराच्या मूळ कथेत मला सगळ्यांत आधुनिक वाटतो तो शुक्राचार्य. बटू फक्त तीन पावलं जमीन मागतो आहे, सगळ्या सभेला ती मागणी क्षुल्लक वाटते आहे, आणि दरबारातला एकमेव जाणकार सांगतो आहे की हे लहान दिसणारं लहान राहणार नाही. बळी ऐकत नाही, दिलेला शब्द फिरवत नाही. शुक्राचार्य झारीच्या तोटीत शिरून पाण्याची धार अडवतो आणि दर्भाच्या टोकाने डोळा गमावतो. कृत्रिम बुद्धिमत्तेचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, जेफ्री हिंटन, २०२३ मध्ये गूगल सोडून याच बुद्धिमत्तेच्या धोक्यांविषयी उघड बोलू लागले आणि २०२४ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ही बातमी वाचताना मला झारी आठवत होती. बळी वाईट राजा नव्हता, उदार होता. संकट त्याच्या उदारपणाच्या वाटेने आलं, हे या कथेतलं खरं शहाणपण आहे.

‘कृष्णविवर’ कथेचा कणा म्हणजे प्रचंड गुरुत्वाकर्षणाजवळ काळ मंदावतो, ही आइन्स्टाइनच्या सिद्धान्तातून येणारी गोष्ट. पुराणात तिचं भावंड आहे. भागवताच्या नवव्या स्कंधात राजा ककुद्मी आपल्या मुलीसाठी, रेवतीसाठी, वर विचारायला ब्रह्मलोकी जातो. तिथे गायन चाललं आहे, म्हणून तो क्षणभर थांबतो. गाणं संपल्यावर मनातली स्थळं ब्रह्मदेवाला सांगतो, तेव्हा ब्रह्मदेव हसतो. ते सगळे केव्हाच गेले. त्यांच्या मुला-नातवंडांचीही नावं आता ऐकू येत नाहीत, दरम्यान सत्तावीस चतुर्युगं उलटली.

इथे मला कथाकाराचा हिशेब तपासून पाहावासा वाटला. एक चतुर्युग ४३,२०,००० वर्षांचं. सत्तावीस म्हणजे ११ कोटी ६६ लाख ४० हजार वर्षं. हजार चतुर्युगांचा ब्रह्मदेवाचा एक दिवस. तो दिवस आपल्या बारा तासांइतका धरला तर सत्तावीस चतुर्युगं त्याच्या घड्याळात साडेएकोणीस मिनिटांच्या आत बसतात. एक ख्याल रंगायला साधारण तेवढाच वेळ लागतो! आकडे थक्क करण्यासाठी फेकलेले नाहीत, ते कथेच्या जगात एकमेकांना धरून आहेत. चांगल्या विज्ञानकथेकडून आपण हीच शिस्त मागतो. २०१४ च्या ‘इंटरस्टेलर’ चित्रपटात कृष्णविवराजवळच्या ग्रहावरचा एक तास पृथ्वीवरची सात वर्षं खातो. काळाचं प्रमाण साठ-एकसष्ट हजार पट. ककुद्मीच्या बाबतीत ते तीन लाख कोटी पटींच्या पुढे जातं.

पण आकडा मोठा आहे म्हणून पुराण जिंकलं असं होत नाही. ब्रह्मलोकात काळ मंद का चालतो, याचं कारण भागवतकाराकडे नव्हतं आणि त्याला ते नकोही होतं. ते कारण १९१५ नंतर मिळालं, आणि ते मोजून पाहता येतं. आपल्या फोनला रस्ता दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, आणि ती दुरुस्ती केली नाही तर रस्ता चुकतो. दोन्ही कथांत समान आहे ते परतणाऱ्याचं दुःख. गाणं ऐकायला थांबलेल्या बापाने मुलीची अख्खी पिढी गमावली. ‘इंटरस्टेलर’ मधला बाप मुलीच्या म्हातारपणाला भेटतो. विज्ञानाने कारण पुरवलं, दुःखाची जागा पुराणाने आधीच नेमून ठेवली होती.

रेवती परतते ती अठ्ठाविसाव्या चतुर्युगात आणि बलरामाची पत्नी होते. पंढरपूर सोलापूरपासून सत्तरएक किलोमीटरवर आहे. तिथल्या विठ्ठलाच्या विटेवर उभं राहण्याची लोकांनी धरलेली मोजणीही अठ्ठावीसच युगांची. वारीत चालणाऱ्या बाईला कोटींमधला काळ परका नाही. तो तिच्या रोजच्या आरतीतला आहे. अशा वाचकासमोर काळप्रवासाची गोष्ट ठेवणाऱ्या लेखकाचं अर्धं काम आधीच झालेलं असतं.

याच ओळखीचा गैरवापरही होतो. ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ प्राचीन विमानविद्येचा म्हणून मिरवला गेला. १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी तो तपासला आणि निष्कर्ष काढला की तो विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमानं उडूच शकत नाहीत. तरीही २०१५ च्या मुंबईतल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर व्याख्यान झालंच. नारळीकरांनी अशा दाव्यांसाठी आयुष्यभर पुरावा मागितला. पुराणांतली नावं इतक्या प्रेमाने वापरणारा लेखक हाच आग्रह धरत होता, यात मला विसंगती दिसत नाही. कल्पनेला कल्पना म्हणून मान देणाऱ्यालाच ती पुढे नेता येते. आमच्याकडे हे सगळं होतंच असं म्हणणारा पुराणाला यंत्रांची जुनी यादी करून टाकतो, आणि मग मार्कंडेयाचा एकटेपणा, बळीचा शब्द, रेवतीचं नुकसान यांपैकी काहीच त्याच्या हाती राहत नाही.

जून २०२४ मध्ये नाग अश्विन यांचा ‘कल्कि २८९८ एडी’ हा तेलुगू चित्रपट आला. तेलुगू, कन्नड, मराठी आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या सोलापुरात तेलुगू चित्रपटांना नेहमीच हक्काचा प्रेक्षक असतो. या चित्रपटाच्या भव्यतेविषयी पुष्कळ बोललं गेलं. मला त्यातला अश्वत्थामा महत्त्वाचा वाटतो. सौप्तिकपर्वात त्याने पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर अस्त्र सोडलं, आणि कृष्णाने त्याला तीन हजार वर्षं एकट्याने भटकण्याचा शाप दिला. महाभारतात त्याला उःशाप नाही. चित्रपटाने तो दिला: ज्याने गर्भावर अस्त्र टाकलं त्यानेच दूरच्या भविष्यात, एका यंत्रमय राज्यापासून, एका अजन्म्या बाळाची राखण करायची. पटकथेत इतरत्र सैलपणा आहे, पण ही एक जागा अस्सल आहे. व्यासांनी उघडा ठेवलेला हिशेब कुणीतरी भविष्यकाळात नेऊन मिटवायला बसलं आहे. जळजळती जखम घेऊन तेल मागत हिंडणारा अश्वत्थामा आपल्याकडच्या लोककथांत आधीच आहे. पडद्यावर तो आला तेव्हा त्याची ओळख करून द्यावी लागली नाही.

सोलापूरच्या लेखकासाठी आणखी एक धागा पडून आहे. आदिपर्वात उत्तंक गुरुपत्नीसाठी आणलेली आणि वाटेत चोरीला गेलेली कुंडलं शोधत नागलोकात उतरतो. तिथे दोन स्त्रिया मागावर काळ्या आणि पांढऱ्या दोऱ्यांनी वस्त्र विणत असतात आणि सहा मुलं एक बारा आऱ्यांचं चक्र फिरवत असतात. पुढे त्याला उलगडा होतो: दोरे म्हणजे रात्र आणि दिवस, मुलं म्हणजे ऋतू, चक्र म्हणजे वर्ष. काळ हे विणकाम आहे, ही कल्पना मागाजवळ बसलेल्या माणसालाच सुचू शकते. आणि सोलापुरी चादरीवरची नक्षी उठते जेकार्डवर. जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ मध्ये फ्रान्समध्ये हे यंत्र सिद्ध केलं. पुठ्ठ्याच्या पट्टीवर भोक असेल तिथे उभा धागा उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी हीच पट्टी उचलली, आणि एडा लव्हलेसने १८४३ मध्ये त्या यंत्रावरच्या टिपणांत जॅकार्डच्या मागाशीच त्याची तुलना केली. संगणकाच्या वंशावळीत माग आहे. पद्मशालींच्या कुळकथेत पहिलं वस्त्र आहे. उत्तंकाच्या गोष्टीत काळाचं कापड आहे. हे तिन्ही ज्या शहरात एकत्र येतात तिथे बसून कुणी विज्ञानकथा लिहिली, तर तिला परदेशी सांगाडा उसना आणावा लागणार नाही.

दुसरा धागा पावसाचा. सोलापूर पर्जन्यछायेतलं शहर. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथे तलाव उभा केला, तो आजही गावाच्या मधोमध आहे. २०१८ आणि २०१९ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने याच आकाशात कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. विमानाला लावलेल्या नळकांड्यांतून कॅल्शियम क्लोराइडचे कण ढगांत सोडले गेले. त्यासाठी २७६ ढग निवडले होते. काहींत पेरणी केली, काही तुलनेसाठी तसेच ठेवले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वाऱ्याच्या दिशेच्या सुमारे १०० चौरस किलोमीटर भागात पाऊस साधारण १८ टक्क्यांनी वाढला.

वनपर्वात याचीही गोष्ट आहे. अंगदेशाचा राजा लोमपाद ब्राह्मणाशी खोटं वागला, पुरोहित त्याला सोडून गेले आणि इंद्राने पाऊस थांबवला. उपाय एकच: ज्याने कधी स्त्री पाहिली नाही त्या ऋष्यशृंगाला राज्यात आणायचं. त्यासाठी नावेवर तरंगता आश्रम बांधतात आणि एका गणिकेकरवी त्याला भुलवून आणतात. तो पाऊल ठेवतो आणि पाऊस कोसळतो. मुलाच्या रागावलेल्या बापाला शांत करण्यासाठी त्याच्या वाटेवरची गुरं आणि शेतं मुलाच्या नावे केली जातात. खोटेपणामुळे गेलेला पाऊस दुसऱ्या फसवणुकीने परत आला, आणि तिची किंमत भरपाई म्हणून वाटली गेली. कथाकाराने हे सगळं पाहिलं. एक मात्र त्याने सांगितलं नाही: तो ढग अंगदेशावर रिकामा झाला नसता तर कुणाच्या रानावर गेला असता? ढगात कण सोडणाऱ्या विमानाखाली आज हाच प्रश्न बार्शी, मंगळवेढा, सांगोला, अक्कलकोट अशा तालुक्यांच्या नावांनी विचारता येतो. ऋष्यशृंगाच्या गोष्टीचा हा पुढचा भाग मराठीत लिहिला जायला हवा, आणि त्यासाठी लागणारं ढगांचं शास्त्र आता लेखकाच्या हाताशी आहे.